गुणगुणता न येणारं गाणं: इंडी पॉप, इलेक्ट्रॉनिक आणि आज्जीचं जातं

(या भागाचं लिखित रूप. बोलताना सतत येणारे माझे ‘म्हणजे बघा’ निम्मे काढलेत. बाकी जसं बोललो तसं.)

मी बोलतोय ढोकीहून. नवीन आलेल्यांसाठी सांगतो: धाराशिव जिल्हा, तेरणा साखर कारखान्याचं गाव, आणि शेजारी तेर, म्हणजे गोरोबाकाकांचं गाव. गळीत हंगामात रेकॉर्डिंग करायचं तर रात्री बारानंतरच, कारण तोपर्यंत उसाचे ट्रॅक्टर जात असतात आणि प्रत्येक ट्रॅक्टरवर टेप असते. आजही मागून एखादं गाणं ऐकू आलं तर समजून घ्या. खरं तर आज ते ऐकू आलं तर बरंच आहे. का ते शेवटी कळेल.

आजचा विषय तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी विचारलेला. ‘दादा, तू कधी इंडी पॉप लावतोस, कधी ते घूंऽऽ करणारं इलेक्ट्रॉनिक. यातलं खरं तुला काय आवडतं?’ पूर्वी मी पटकन उत्तर द्यायचो. समोर कोण आहे ते बघून द्यायचो, हेही कबूल करतो. पुण्यातल्या मित्रांसमोर इलेक्ट्रॉनिक, घरी इंडी. पण एका फाईलमुळे मला दोन्हींचा इतिहास नीट वाचावा लागला. त्या फाईलपासूनच सुरुवात करतो.

दोन मिनिटं चाळीस सेकंद

मे २०१६. चुलत बहिणीचं लग्न. आमच्याकडे हळदीच्या आधी जात्याची पूजा करतात, जात्याला हळकुंड बांधतात आणि बायका थोडी हळद दळतात. रोजचं दळण केव्हाच गिरणीत गेलंय, पण लग्नापुरतं जातं अजून बाहेर निघतं. जात्याच्या एका बाजूला आज्जी, दुसऱ्या बाजूला आत्या, दोघींचा हात एकाच खुंट्यावर. आज्जी ओवी म्हणायची, आत्या मागून उचलायची. मी फोन काढला आणि रेकॉर्ड केलं. २ मिनिटं ४० सेकंद.

नंतर मी आज्जीला म्हणालो, ‘आज्जी, जातं थांबव आणि नुसती ओवी म्हण, आवाज स्वच्छ येईल.’ तिने प्रयत्न केला. दोन शब्द म्हणाली आणि अडली. मग हसून म्हणाली, ‘आरं, हात थांबला की वव्या बी थांबत्यात. जात्याबिगर काय येतंय?’

मला तेव्हा ते गमतीचं वाटलं.

आज्जी २०१९ मध्ये गेली. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मी पॉडकास्टसाठी एडिटिंग शिकत होतो, तेव्हा ती फाईल उघडली. जात्याची घरघर फार होती, शब्द मागे पडत होते. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आवाज ‘साफ’ करायची सोय असते. तुम्ही त्याला फाईलचा एक तुकडा दाखवायचा आणि सांगायचं की यात जे एकसारखं वाजतंय ते मला नको. मग ते सॉफ्टवेअर तेवढ्या कंपनसंख्या पूर्ण फाईलमधून वजा करतं. माझ्या फाईलमध्ये सुरुवातीचे पाच सेकंद नुसतं जातं फिरत होतं. मी तेच दाखवलं. बटण दाबलं. घरघर गेली. आज्जीचा आवाज एकटा वर आला. घरच्या ग्रुपवर टाकला, सगळे रडले, सगळ्यांनी हात जोडले. फोनची मेमरी भरली होती म्हणून मी मूळ फाईल डिलीट केली.

काही महिन्यांनी चांगले हेडफोन घेतले आणि तीच फाईल लावली. ऐका.

[आवाज: साफ केलेली फाईल, ९ सेकंद]

ऐकलंत? पाण्याखालून आल्यासारखा आवाज आहे. जातं गेलं, आणि जात्याबरोबर तिचा श्वासही गेला. खुंटा पुढे ढकलताना ओवीच्या मध्ये एक ‘हं’ यायचा, तो जात्याच्या घरघरीत मिसळलेला होता. सॉफ्टवेअरने दोन्ही एकच समजून पुसलं. चूक सॉफ्टवेअरची नाही. मी त्याला जे नको म्हणून दाखवलं ते त्याने काढलं. मला शब्द आणि गळा हवा होता. माझा कान तसा घडला होता. तो तसा का घडला, हे शोधायला निघालो आणि पोहोचलो इंडीच्या इतिहासात.

इंडी म्हणजे आवाज की मालकी?

पहिला गोंधळ दूर करू. आपल्याकडे नव्वदच्या दशकात ‘इंडीपॉप’ होतं. अलिशा चिनॉयचं ‘मेड इन इंडिया’ १९९५ चं, लकी अलीचं ‘सुनो’ १९९६ चं. त्यातलं ‘इंडी’ हे इंडियनचं. सिनेमाबाहेरची गाणी, पण मागे कंपन्या आणि चॅनेल भक्कम. आज आपण ज्याला इंडी म्हणतो त्यातलं ‘इंडी’ हे इंडिपेंडंटचं, स्वतंत्र. शब्द कानाला सारखा लागतो, पण दोन्हींचं मूळ वेगळं.

या दुसऱ्या इंडीची एक सुरुवात मँचेस्टरची. जानेवारी १९७७ मध्ये बझकॉक्स या बँडने घरच्यांकडून आणि मित्रांकडून ५०० पौंड उसने घेतले आणि चार गाण्यांची रेकॉर्ड स्वतःच काढली. पहिल्यांदा छापल्या १,००० प्रती. कंपनीचा साहेब नाही, करार नाही. हे जमतं म्हटल्यावर इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये पोरांनी घराघरातून लेबलं काढली. १९८० पासून तिथे इंडी रेकॉर्डची वेगळी यादी निघू लागली. तिचा निकष काय होता? तुमची रेकॉर्ड मोठ्या कंपन्यांच्या जाळ्यातून विकली जात नाही ना, एवढाच. आत गिटार वाजते की पिपाणी, याच्याशी त्या यादीला काही देणंघेणं नव्हतं.

मग १९८६ मध्ये एनएमई या संगीत साप्ताहिकाने २२ बँडची एक कॅसेट काढली, नाव ‘सी-८६’. त्यातल्या काही बँडची झणझणणारी गिटार आणि लाजरा गळा लोकांच्या डोक्यात बसला, आणि ‘इंडी’ हे हळूहळू एका आवाजाचं नाव झालं. थोडं बेसूर चालेल, पण खरं वाटलं पाहिजे. गाणारा माझ्याच खोलीत बसून माझ्याशीच बोलतोय असं वाटलं पाहिजे.

आता आपल्याकडे या. तो मूळचा मालकीचा निकष लावला, तर आमच्या भागात इंडी कुणाचं होतं? ऐंशीच्या दशकात कॅसेट आली. रेकॉर्ड काढणं मोठ्या कंपनीचं काम होतं, कॅसेट छोटा माणूसही काढू शकत होता. प्रल्हाद शिंदे, पुढे आनंद आणि मिलिंद शिंदे, यांचे आवाज एसटी स्टँडवरच्या टपऱ्यांतून, जयंतीच्या मंडपातून आणि उसाच्या ट्रॅक्टरवरून घरात आले. त्याच्याही आधी वामनदादा कर्डक गावोगाव फिरून स्वतःची गाणी स्वतः म्हणत होते. त्या गाण्यांना रेडिओच्या किंवा सिनेमाच्या परवानगीची गरज नव्हती. इंडीचा इतिहास लिहिताना आपण पुण्यातल्या एनएच-७ वीकेंडरपासून, म्हणजे २०१० पासून सुरुवात करतो. मला वाटतं ती तारीख फार उशिराची आहे.

मध्यमवर्गाची वाट वेगळी होती. भावगीत, मग नव्वदच्या दशकाच्या शेवटी मिलिंद इंगळे आणि सौमित्र यांचा ‘गारवा’, मग २००३ पासून संदीप खरे आणि सलील कुलकर्णींचं ‘आयुष्यावर बोलू काही’. हे सगळं सिनेमाच्या बाहेरचं, आणि सगळ्यात एक गोष्ट समान: शब्द पुढे, गळा पुढे, वाद्यं मागे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि माझ्यासारख्याच्या फोनवर प्रतीक कुहाड आला, तेव्हा त्याचं ऐकणं मला शिकावं लागलं नाही. भाषा नवी होती, बसण्याची जागा ओळखीची होती. २०२४ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोडचं ‘गुलाबी साडी’ सिनेमाच्या आधाराशिवाय जगभर वाजलं. तेसुद्धा दोनदा ऐकलं की तिसऱ्यांदा आपण म्हणायला लागतो.

हा मुद्दा लक्षात ठेवा: म्हणायला लागतो. त्याच्याकडे परत येऊ.

आगगाडी, मूग आणि दहा राग

आता दुसरी बाजू. १९४८ साली पॅरिसमध्ये पिएर शेफर नावाचा रेडिओचा इंजिनिअर रेल्वे स्टेशनवर गेला आणि त्याने इंजिनांचे आवाज रेकॉर्ड केले. वाफेचा फुसकारा, शिट्टी, डब्यांची खडखड. मग ते तुकडे तबकड्यांवर पुढे-मागे जोडून त्याने एक रचना केली आणि ती फ्रेंच रेडिओवर वाजवली. कुणी गात नाही, कुठलं वाद्य नाही. नुसती गाडी. त्याचं म्हणणं थोडक्यात असं होतं की हा आवाज कशाचा आहे ते विसरा आणि आवाज कसा आहे ते ऐका.

हे वाचलं तेव्हा मला बार्शी लाईट रेल्वे आठवली. आमच्या भागातली ती अरुंद रुळांची गाडी १९११ मध्ये लातूरला पोहोचली होती. २००७-०८ मध्ये रुंद रूळ आले आणि ती छोटी गाडी गेली. आजोबा तिचा आवाज तोंडाने काढून दाखवायचे आणि आम्ही हसायचो. तो आवाज आमच्या घरात कुणाच्याही कॅसेटवर नाही.

भारतात या प्रकाराची मोठी गोष्ट घडली अहमदाबादला, राष्ट्रीय डिझाईन संस्थेत, ज्याला सगळे एनआयडी म्हणतात. त्यामागचा एक धागा गीता साराभाईंचा. १९४६ मध्ये त्या न्यूयॉर्कला जॉन केज या संगीतकाराला भेटल्या. त्याने त्यांना पाश्चात्त्य संगीत शिकवलं आणि त्यांनी त्याला भारतीय. फी नाही, अदलाबदल. याच केजने पुढे १९५२ मध्ये अशी रचना केली जिच्यात वादक साडेचार मिनिटं काहीच वाजवत नाही, आणि श्रोत्याला सभागृहातले सगळे आवाज ऐकू येऊ लागतात. केजचा साथीदार डेव्हिड ट्युडर १९६९ मध्ये अहमदाबादला आला आणि एनआयडीत मूग सिंथेसायझर आणि टेप यंत्रं असलेला स्टुडिओ उभा राहिला. गीता साराभाई, आय. एस. माथूर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी तिथे काम केलं. जोशीपुरांच्या एका तुकड्याचं नाव ‘स्पेस लायनर २००१’ आहे. कल्पना करा, चंद्रावर माणूस उतरला तो काळ, आणि अहमदाबादमध्ये एक जण २००१ सालच्या अंतराळयानाचा आवाज बनवतोय!

तीन-चार वर्षांत ते काम थांबलं. टेपांची रिळं संस्थेच्या संग्रहात पडून राहिली. पॉल पर्गस या ब्रिटनमधल्या संगीतकाराने ती शोधून काढली, २०२० मध्ये बीबीसीवर त्यावर कार्यक्रम केला, आणि २०२३ मध्ये ‘द एनआयडी टेप्स’ नावाने तो संग्रह बाहेर आला. पन्नास वर्षं जवळपास कुणाला पत्ता नाही.

दुसरी गोष्ट मुंबईची. चरणजित सिंग हे हिंदी सिनेमाच्या गाण्यांत वाजवणारे वादक. त्यांनी रोलँड कंपनीची तीन यंत्रं घेतली: ज्युपिटर-८, टीआर-८०८ आणि टीबी-३०३. यातलं टीबी-३०३ हे छोटं यंत्र गिटारवाल्यांना बेसची साथ द्यावी म्हणून बनवलेलं. ते काम त्याला धड जमत नव्हतं. कंपनीने १९८४ मध्ये ते बंद केलं. पण त्याच्यात एक गंमत होती, एका सुरावरून दुसऱ्यावर ते घसरत जायचं. आपल्या कानाला ती मींड वाटते. चरणजित सिंगांनी १९८२ मध्ये त्यावर ललत, भूपाळी, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. ही रेकॉर्ड एचएमव्हीने काढली आणि ती चालली नाही. पाच वर्षांनी, १९८७ मध्ये, शिकागोच्या पोरांनी तेच पडेल यंत्र वापरून ‘अ‍ॅसिड हाऊस’ नावाचा प्रकार जगभर नेला. त्यांना मुंबईचं काहीच माहीत नव्हतं. एका डच संग्राहकाच्या हाती ती जुनी रेकॉर्ड लागली, २०१० मध्ये ती पुन्हा निघाली, आणि सत्तरीच्या घरातले चरणजित सिंग युरोपात वाजवायला गेले. २०१५ मध्ये ते गेले.

मी कसा ऐकतो

आता तुलना. मोठी सैद्धांतिक नको, ढोकी ते लातूर एसटीतली.

एसटीत इंडी पॉप लावलं की मला एसटी नको असते. इंजिन, काच, कंडक्टर, सगळं मध्ये येतं. मी आवाज वाढवतो. गाणारा आणि मी, दोघंच हवे असतो. याच्यात मोठं सुख आहे, कमी लेखू नका. एकोणिसाव्या वर्षी पुण्यात कॉट बेसिसवर राहताना मला ज्या गोष्टी कुणाला सांगता आल्या नाहीत त्या एका अनोळखी माणसाने तीन मिनिटांत सांगून टाकल्या. मी एकटा नाही एवढं कळायला ते पुरेसं होतं.

इलेक्ट्रॉनिक लावलं की उलटं होतं. एक लांब सूर चाललाय, त्यात खालून एसटीचं इंजिन मिसळतं, आणि मुरूडच्या पुढे मला कळत नाही की कुठला आवाज हेडफोनमधला आणि कुठला बाहेरचा. ब्रायन ईनो या इंग्रज संगीतकाराची गोष्ट सांगतात. १९७५ मध्ये अपघातानंतर तो अंथरुणावर होता. कुणीतरी वीणेसारख्या हार्प या वाद्याची रेकॉर्ड देऊन गेलं, लावली तर आवाज फार बारीक, आणि उठून वाढवायची ताकद नाही. बाहेर पाऊस. मग त्याने पाऊस आणि हार्प एकत्रच ऐकलं. तिथून त्याचं पुढचं बरंच संगीत निघालं. ही गोष्ट मला एसटीतच पटली.

दोन्हींचे दोषही सांगतो. इंडी पॉपमध्ये आता एकसारखी उदास गिटार आणि एकसारखा कुजबुजता गळा इतका झालाय की पाच गाणी वाजून गेली तरी गायक बदलल्याचं कळत नाही. आणि प्रायोगिक इलेक्ट्रॉनिकमध्ये न समजणं म्हणजेच भारी, असा एक माज आहे. मीसुद्धा केलाय. पुण्यात एका छोट्या हॉलमध्ये एक जण लॅपटॉपवर चाळीस मिनिटं खरखर वाजवत होता, मी डोळे मिटून मान हलवत होतो, आणि मनात चाललं होतं की शेवटची बस किती वाजता आहे.

पण मला खरा फरक त्या फाईलमुळे कळला. इंडी पॉप गुणगुणता येतं. इलेक्ट्रॉनिक गुणगुणता येत नाही.

साधी गोष्ट वाटते, पण इतिहास त्यावर फिरलाय. जे गुणगुणता येतं ते माणसांच्या तोंडात टिकतं. वामनदादांची गाणी कॅसेट नव्हती तेव्हाही टिकली, कारण बायका-पोरांच्या तोंडी होती. भावगीताची रेकॉर्ड फुटली तरी मावशीला दोन कडवी येत असतात. एनआयडीची रिळं मात्र कुणाच्या तोंडात राहणार? मूगमधून निघालेला तो आवाज कोण गुणगुणणार? ती रिळं कुणी रद्दीत टाकली असती तर ते संगीत शंभर टक्के संपलं असतं. चरणजित सिंगांचा यमन तुम्हाला येत असेल, पण त्या यंत्राची घसरण तोंडाने काढता येत नाही. बार्शीच्या गाडीसारखंच. आजोबा होते तोवर नक्कल होती.

म्हणजे सुराचं आणि शब्दाचं संगीत विसरायला पिढ्या लागतात. निव्वळ आवाजाचं संगीत एका डिलीटमध्ये जातं.

जात्यावरचे दोन आवाज

आता परत जात्याकडे. महाराष्ट्रात जात्यावरच्या ओव्या गोळा करायचं फार मोठं काम झालंय. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्यात राहून, गावोगावच्या कार्यकर्त्यांबरोबर, एक हजाराहून जास्त गावांतल्या बायकांच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. २०१७ पासून ‘परी’ या संकेतस्थळावर त्या ऐकायला मिळतात. आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यात, माजलगावच्या भीमनगरमध्ये, १९९६ मध्ये बाबासाहेबांवरच्या ओव्या रेकॉर्ड झाल्यात. फोनवर आहेत, फुकट आहेत, जरूर ऐका.

या कामात नव्वदच्या दशकात एक फ्रेंच माणूस आला, बर्नार्ड बेल. इंजिनिअर आणि संगणकावर संगीताचा अभ्यास करणारा. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्याने जिम किपन यांच्याबरोबर ‘बोल प्रोसेसर’ नावाचं सॉफ्टवेअर केलं होतं, ज्यात तबल्याच्या कायद्याचे नियम संगणकाला शिकवलेले होते. म्हणजे आपल्या भाषेत, पक्का इलेक्ट्रॉनिकवाला. आणि हाच माणूस मराठी खेड्यांत जाऊन बायकांचे गळे रेकॉर्ड करत होता.

हे वाचलं आणि मला आज्जीचं वाक्य नीट ऐकू आलं. जात्याबिगर काय येतंय?

विचार करा. बाई एकटी, पहाटे, कुणी ऐकत नाही अशा वेळी स्वतःचं सुख-दुःख स्वतःच्या शब्दांत म्हणते. सासर, माहेर, भाऊ, लेक, विठ्ठल. याच्याइतकं स्वतंत्र, खोलीतलं, खासगी गाणं दुसरं कुठलं? आणि खाली एक यंत्र एकसारखं फिरतंय, त्याच्या फेऱ्यावर तिचा श्वास बेतलेला, आणि दाणे टाकले की त्याचा पोत बदलतो. मी ज्या दोन संगीतांची तुलना करत होतो ती दोन्ही तिच्या हाताखाली एकत्र होती. ओवी म्हणजे वर शब्द आणि खाली पार्श्वसंगीत असं नव्हतंच. जातं तिला सूर देत होतं, लय देत होतं, आणि पुढचा शब्द आठवून देत होतं. मी त्यातलं एक ठेवलं आणि दुसरं कचरा म्हणून काढलं.

आणि हे फक्त माझ्याबाबतीत नाही. लॉकडाऊनमध्ये गाण्याचे क्लास व्हिडिओ कॉलवर गेले तेव्हा अनेक गुरुजींना हाच अनुभव आला. विद्यार्थी तंबोरा लावून बसलाय आणि इकडे तंबोरा ऐकूच येत नाही, नुसता उघडा गळा. कारण कॉलच्या अ‍ॅपला शिकवलंय की माणूस बोलतो तो आवाज, आणि एकसारखं वाजतं तो गोंगाट. मग सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करावं लागतं. आपल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असा एक कान बसवलेला आहे, जो ‘शब्द तेवढे ठेवा’ म्हणतो. तो सोयीचा आहे. पण त्याच्यावर गाव सोडून देऊ नका.

गोरोबाकाकांची एक कथा आमच्याकडे लहानपणी सांगतात. संत जमले होते, आणि कुणाचं मडकं पक्कं, कुणाचं कच्चं, हे काकांनी थापटण्याने एकेकाच्या डोक्यावर थापटून ठरवलं. कुंभार मडकं असंच तपासतो. मडकं काही बोलत नाही, पण वाजवलं की खरं काय ते सांगतं. हा कान आमच्या शेजारच्या गावातच होता, मी तो पॅरिस आणि न्यूयॉर्कहून मागवत बसलो.

मग पुढे काय झालं

गेल्या दिवाळीत मी आत्याकडे गेलो. आज्जीच्या ओव्यांचे शब्द लिहून घ्यायचे होते. मूळ रेकॉर्डिंगमधले जे शब्द साफ करताना खराब झाले होते ते आत्याने क्षणात भरून दिले. वर आणखी अकरा ओव्या सांगितल्या. शब्द तोंडात टिकतात, तसे टिकले होते. पण मध्येच तीही अडली. मग मी माळ्यावरून जातं उतरवलं. वरची तळी उचलताना कंबर धरली. आत्याने मूठभर ज्वारी टाकली, खुंट्याला हात लावला आणि समोरच्या जागेकडे बघून म्हणाली, ‘बस की. येकटीनं वढत न्हाई.’

मी आज्जीच्या जागेवर बसलो. फोन खाली जमिनीवर ठेवला. जातं जड असतं हो, दोन मिनिटांत खांदा भरून आला, आणि तेव्हा कळलं की तो ‘हं’ कुठून यायचा.

आज्जीचा आवाज परत आलेला नाही, येणारही नाही. जातं तेच आहे, पण हात वेगळे, म्हणून घरघरही वेगळी. माझ्याकडे आता एक साफ केलेली फाईल आहे जिच्यात आज्जी आहे आणि जातं नाही, आणि एक न साफ केलेली आहे जिच्यात जातं आहे आणि आज्जी नाही. दोन्ही एकावर एक लावून बघावं असा विचार आला होता. लावल्या नाहीत. ते खोटं झालं असतं.

तर, ‘तुला काय आवडतं?’ या प्रश्नाचं उत्तर: रडायचं असेल तेव्हा इंडी पॉप, आणि मी कुठे बसलोय हे कळायला हवं असेल तेव्हा इलेक्ट्रॉनिक. पहिल्याने मला शिकवलं की साध्या माणसाचा साधा गळा रेकॉर्ड करण्यालायक असतो. ते नसतं तर मे २०१६ मध्ये मी फोनच काढला नसता. दुसऱ्याने शिकवलं की गळ्याच्या मागचंही ऐकायचं. ते मला चार वर्षं उशिरा कळलं.

तुम्हाला एक काम देतो. या आठवड्यात घरातला एक असा आवाज रेकॉर्ड करा जो तुम्हाला गुणगुणता येत नाही. विहिरीवरची मोटर, पाटा-वरवंटा, आज्जीची अडकित्त्याने सुपारी कातरणं, काहीही. पाच मिनिटं. मध्ये कुणी बोललं तर बोलू द्या. कुत्रं भुंकलं तर भुंकू द्या. साफ करायचं असेल तर कॉपी करून कॉपी साफ करा. मूळ फाईल दोन ठिकाणी ठेवा, आणि नावात तारीख आणि गाव लिहा.

आता मी थांबतो आणि आत्याबरोबरचं ते रेकॉर्डिंग लावतो. पूर्ण. सुरुवातीला फोन सरकवल्याची खरखर आहे, शेवटी बाहेरून उसाचा ट्रॅक्टर जातो, त्याची टेप ऐकू येते. काही काढलेलं नाही.

[आवाज: जातं, आत्या, ट्रॅक्टर. ५ मिनिटं १२ सेकंद]